शेजारची जागा

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सलाम.

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. दुकानात सध्या गर्दी आहे. शाळांमधून मुलांचे डोळे तपासून झाले की सगळे पालक एकदम चष्म्याला येतात, आणि काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी मी एकटीच.

दगड घडवणाऱ्याकडे जाऊन आले. तुम्हाला आवडलेला काळा दगड त्याच्याकडे आहे. फार चकाकी दिली तर उन्हात अक्षरं दिसत नाहीत असं तो म्हणाला, म्हणून मी कमी द्यायला सांगितली. ह्यांचं नाव आणि दोन तारखा तो महिनाअखेर कोरून देईल. खालचा निम्मा दगड मोकळाच राहील. कबरस्तानात नवरा-बायकोला शेजारी शेजारी जागा आणि एकच दगड देतात, हे तुम्हाला माहीत आहेच. खाली माझं नाव यायचं.

एक विनंती आहे. ह्यांच्या नावाखाली ‘पुन्हा भेटू’ असं कोरायला तुम्ही सांगितलं आहे. ते नको. मला तसं वाटत नाही. आणि जे वाटत नाही ते माझ्या नावाच्या डोक्यावर कायमचं असावं, हे मला पटत नाही.

ह्यांचा लोकरीचा कोट तुमच्याकडे पाठवते आहे. कोपरावर ग्रीसचा डाग आहे. तो धुऊन जात नाही, मी प्रयत्न केला.

परवा बिल्डिंगची लिफ्ट अडकली. हेच दुरुस्त करायचे, म्हणून लोकांनी सवयीने आपलीच बेल वाजवली. मी दार उघडल्यावर तिसऱ्या मजल्यावरचे काका ओशाळले. म्हणाले, “वहिनी, विसरलोच हो.” मी म्हटलं, “असू दे, मीही विसरते.”

तब्येत जपा.

तुमची
वहिनी


११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

प्रभूच्या नावाने सलाम. तू नुसताच ‘सलाम’ लिहिलास, ते माझ्या लक्षात आलं बरं का. माझे कान गेलेत, डोळे नाहीत.

कोट मिळाला. डाग तसाच राहू दे. मी तो घालून घरात बसते. शेजारीण म्हणाली, “कुणाचा कोट ढापलात?” मी म्हटलं, “भावाचा. तक्रार करायला येणार नाही तो.” ती बिचारी एवढीशी झाली.

आता मुद्द्याचं. ‘मला तसं वाटत नाही’ म्हणजे काय? कसं वाटत नाही? दगडाला खर्च वाढतो म्हणून म्हणत असशील तर अक्षरांचं मी बघते. पण तसं नसणार, तुला मी ओळखते. तू चार शब्द बोलतेस तेव्हा चाळीस गिळलेले असतात. फोन करून विचारलं असतं, पण फोनवर मला नुसती माशी गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. तेव्हा लिहूनच सांग, आणि सरळ सांग.

चर्चच्या गायनमंडळातल्या बाईचं पत्र आलं होतं. म्हणाली, तुमची वहिनी दादा गेल्यापासून उपासनेला दिसत नाही. मी तिला लिहिलं, दुःखात माणूस घरीच बसतं, तुम्ही आपले सूर सांभाळा. पण खरं काय आहे?

माझं सांगते. रोज सकाळी जाग आली की आधी आठवतं, दादा गेला. मग आठवतं, भेटणारच आहोत. मग मी उठते आणि चहा ठेवते. ते आठवलं नाही तर माझ्याच्याने उठवणार नाही. तुझं कसं होतं गं?

तुझी
वन्सं


२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सलाम.

सरळ सांगा म्हणालात, म्हणून सांगते. मला लिहायला जमत नाही, तेव्हा पुढेमागे झालं तर समजून घ्या.

माझा विश्वास राहिलेला नाही. हे गेले म्हणून नाही. त्याच्या आधीच.

दुकानात डोळे तपासताना गिऱ्हाइकाला विचारतात, “ही काच बरी की ही?” आमचे डॉक्टर मध्येच एकदा काच काढल्यासारखं करतात आणि तीच परत घालतात. माणूस नुसताच हो ला हो करतोय का, ते कळायला. बरेच लोक म्हणतात, “हां, आता जास्त स्पष्ट.” खोटं बोलायचं नसतं त्यांना. समोरचा वाट बघतोय, काहीतरी फरक पडला असणार, असं त्यांना वाटतं. एकदा मी तिथेच उभी होते. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “नाही हो, तसंच आहे.” डॉक्टर हसले. आणि मला माझ्याच प्रार्थना आठवल्या. मी लहानपणापासून प्रार्थना करून उठले की म्हणत आले, आता बरं वाटतं, आता स्पष्ट झालं. त्या रविवारी मी उपासनेत बसून स्वतःला खरं विचारलं. तसंच होतं. काहीच बदललेलं नव्हतं.

पुढे हे आजारी पडले. ह्यांच्याच वॉर्डात बँकेतला तो कारकून होता, आठवतो का? तोच आजार. तो घरी गेला. त्याच्या बायकोने मंडळीसमोर उभं राहून साक्ष दिली की देवाने माझा आक्रोश ऐकला. सगळे ‘आमेन’ म्हणाले. मी तिच्या मागच्याच बाकावर होते. तिच्या मानेवरच्या साखळीच्या सोनेरी कडीकडे बघत मी विचार करत होते, हिच्यात असं काय आहे? त्या दिवसाइतका मत्सर मी कुणाचा केला नव्हता. आणि मग वाटलं, ऐकणारा कुणी नसेल तर निदान त्याने तिला निवडलं आणि मला टाकलं, असं तरी होत नाही. त्यात मला पहिल्यांदा शांत वाटलं. तुम्हाला हे भयंकर वाटेल.

ह्यांना मी सांगितलं होतं. त्यांनी बराच वेळ हत्यारांतला पाना पुसला, हातात होता तो. मग म्हणाले, “बरं.” नंतर दवाखान्यात तुम्ही आलात आणि रोज आत प्रार्थना सुरू झाली, तेव्हा मला म्हणाले, “तू बाहेर बस. तुला उगाच तोंड हलवावं लागायला नको.” माझ्या भल्यासाठीच म्हणाले. पण तो सगळा आठवडा मी बाहेरच्या बाकावर बसून तुमची गीतं ऐकली. ह्यांचा शेवटचा आठवडा तुमच्याकडे आहे, वन्सं. माझ्याकडे तो बाक आहे. तुम्ही विचारलंत माझं कसं होतं. तुम्हाला हे परत भेटणार आहेत आणि मला नाहीत. तुम्ही चहा ठेवता तेव्हा मला तुमचा राग येतो. असं होतं.

गेल्या रविवारी पाळकांना भेटून सांगितलं की मी आता मंडळीत नाही. न सांगता नुसतं गैरहजर राहणं मला बरं वाटेना.

तुमची
वहिनी


१ मार्च

वहिनी,

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

काचांचं मला सांगू नकोस. देव म्हणजे काय चष्मा आहे?

मला दुसऱ्याच गोष्टीचं लागलं. तू दादाला सांगितलंस, आणि दादाने मला सांगितलं नाही. तो मला सगळं सांगायचा. पहिल्यांदा सिगरेट ओढली ते, नोकरी जाता जाता वाचली ते, तू त्याला आवडलीस तेही आधी मलाच. हे एवढं मोठं सांगितलं नाही. तुझं पोटात ठेवलं आणि माझ्यासमोर हसत बसला.

पाळकसाहेबांचं पत्र आलं आहे. तू मंडळी सोडलीस म्हणून दादाच्या शेजारची जागा तुला मिळत नाही. रक्ताच्या नात्यातलं कुणी सभासद असेल तर त्याला मिळते. माझं नाव अजून तिथल्याच मंडळीत आहे. त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणून कळवलं.

– वन्सं


९ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र आल्यावर मी कामावरून तशीच पाळकांकडे गेले. ते खुर्च्या मांडत होते, बायकांची सभा होती.

“काकू, बसा.”

“बसायला नाही आले. माझी जागा दिलीत म्हणे.”

“काकू, नियम माझा नाही हो.”

“मग कुणाचा? देवाचा?”

“मंडळीच्या पंचांचा,” ते म्हणाले. खुर्ची हातात धरून तसेच उभे राहिले. तरुण आहेत, त्यांनाच जास्त संकोच वाटत होता. मग हळूच म्हणाले, “तुम्ही बोलला नसतात तर काही प्रश्न नव्हता.”

मी म्हटलं, “म्हणजे मनात काहीही असलं तरी चाललं असतं.”

“मनातलं बघणारा वेगळा आहे, काकू. आम्हाला सांगितलेलं बघावं लागतं.” मग त्यांनी एक वाट सांगितली. मंडळीबाहेरच्या माणसाला तिथे पुरायचं असेल तर त्याच्या घरातल्या सभासदाने पंचांसमोर उभं राहून तशी मागणी करायची. मग ते अडवत नाहीत. माझ्या घरात सभासद म्हणाल तर तुम्हीच.

म्हणजे माझी जागा घेणाऱ्याही तुम्ही आणि मिळवून देणाऱ्याही तुम्हीच. मी तुमच्याकडे ती मागत नाही. पण एवढं लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या हिशेबाने तुम्हाला हे वर भेटणारच आहेत. कायमचे. मग खाली शेजारी झोपायची घाई कशाला? तुम्हाला ते दोन्हीकडे हवेत. मला एकच जागा होती, मातीची, तीही तुम्ही घेतलीत. घर, पलंग, ह्यांची हत्यारांची पेटी, सगळं माझ्याकडे आहे, पण त्यातलं काही ह्यांच्या शेजारी नाही.

दगड तयार आहे. मी उचलायला सांगितलेला नाही.

तुमची
वहिनी


१५ मार्च

वहिनी,

मग ठेव ना विश्वास! कोण अडवतंय? दोन्हीकडची जागा मिळेल. एवढी तळमळ आहे तर जा, पाळकसाहेबांना सांग की चुकले. ते तर खुर्ची मांडून वाटच बघतायत.

नाही ना जमत? मग मलाही जमत नाही. मी पंचांसमोर उभी राहणार नाही.

तुला वाटतं तुझ्याकडून घेतलं. आधी कुणी कुणाकडून घेतलं ते बघ. आई-बाबा गेल्यावर आम्ही दोघंच होतो. दादा कामावरून यायचा, हात धुवायचा आणि मला विचारायचा, “काय गं बहिरोबा, आज काय ऐकलंस?” तेव्हाही मला कमीच ऐकू यायचं, म्हणून चिडवायचा. मग दिवसभराचं सगळं तोंड माझ्याकडे करून, सावकाश सांगायचा. खिडकीजवळ दोन खुर्च्या होत्या. तू आलीस आणि पहिल्याच आठवड्यात माझी खुर्ची भिंतीला गेली. तू मुद्दाम नाही केलंस. उजेडात तुला शिवायला बसायचं होतं. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मग मी या गावी नोकरी धरली. लोक म्हणाले, किती समजूतदार नणंद.

मी समजूतदार नव्हते. मला ती खुर्ची हवी होती.

आता एकदा तरी मला त्याच्या शेजारी बसू दे.

– वन्सं


२८ एप्रिल

प्रिय वन्सं,

सलाम.

मधे लिहिलं नाही. खुर्चीचं मला माहीत नव्हतं. त्या खोलीत खिडकी एकच होती.

काल कबरीवर गेले होते. कुणीतरी गवत उपटून कडेला नीट रचलेलं होतं आणि पांढऱ्या फुलांची कुंडी ठेवली होती. कबरस्तानाच्या माळ्याला विचारलं. म्हणाला, “रविवारी त्यांची बहीण आली होती. मी हाक मारली तर मागे वळूनही बघितलं नाही. रागावल्यात का?” मी सांगितलं, त्यांना ऐकू येत नाही. म्हणजे तुम्ही गावात आलात आणि घरी आला नाहीत. मी दिवसभर घरीच होते. तुम्ही आला असतात तर मी काय केलं असतं, ते मलाही सांगता येत नाही. पण तुम्ही आला नाहीत हे मला फार लागलं.

मी आता भांडत नाही. एक विचारते. त्या आठवड्यात आत काय व्हायचं? मला दाराबाहेर फक्त तुमचा आवाज यायचा, वरच्या पट्टीत, एकामागून एक गीतं. ह्यांचा आवाज कधीच आला नाही. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की शेवटपर्यंत ओठ हलत होते, दादा गात गात गेला. मंडळीत ते अजून सांगतात. मला परक्या बायका रस्त्यात थांबवून सांगतात. मी मान हलवते.

हे खरंच गात होते का? तुमच्याशी काय बोलले? माझं नाव निघालं का कधी? मी विश्वास सोडला म्हणून त्यांना माझ्यापासून लांब जावंसं वाटलं का, एवढंच मला कळायला हवं. त्या बाकावर मी रोज हाच विचार केला, आणि अजून तिथून उठलेले नाही.

तेवढं खरं सांगा. मग जागा तुम्ही घ्या. मी पुन्हा शब्द काढणार नाही, आणि दगड लावून घेईन.

तुमची
वहिनी


६ मे

वहिनी,

तुला ऐकायचंच आहे तर ऐक.

नाही गायला. एक ओळही नाही.

त्याचे ओठ मी लहानपणापासून वाचते. डॉक्टरांना कळायचं नाही पण मला कळायचं तो काय म्हणतोय. पहिल्या दिवशी मी गीत धरलं तर तो म्हणाला, “पुरे कर.” मला वाटलं, दमलाय. दुसऱ्या दिवशी मी प्रार्थना करून म्हटलं, “दादा, घाबरू नकोस, तिकडे आई-बाबा आहेत, मीही येणारच आहे.” तर म्हणाला, “आणि ही?” मी म्हटलं, “वहिनी कुठे जाते? तीही येईल.” मला काही माहीत नव्हतं ना! तो म्हणाला, “ती नाही यायची. तिला खोटं जमत नाही.”

तेव्हा मला काही उमगलं नाही. तुझं पत्र आलं तेव्हा उमगलं.

मग तो जे म्हणाला ते मी रागाने लिहितेय, हे लक्षात ठेव. म्हणाला, “ती तिथे नसेल तर मी तिथे काय करू?”

माझ्यासमोर! मी त्याच्या उशाशी बसलेय, आई-बाबा तिकडे वाट बघतायत, आणि हा विचारतो मी तिथे काय करू. मी नव्हते का तिथे? मी कुणीच नाही का? मी मोठमोठ्याने गायला लागले. दुसरं काही त्याच्या तोंडावर दिसू नये म्हणून डोळे मिटून गायले. रोज. तू बाहेर बसून ते ऐकत होतीस आणि माझा हेवा करत होतीस! हसू की रडू मी?

सगळ्यांना सांगितलं तो गात होता. मग काय सांगणार होते? माझ्या भावाला बायकोपायी स्वर्ग नकोसा झाला, असं? तू त्याच्याकडून तेसुद्धा काढून घेतलंस, वहिनी. प्रार्थनेच्या वेळी बाहेर बसून काढून घेतलंस.

आता मी सकाळी उठते तेव्हा मला नक्की माहीत नसतं तो भेटेल की नाही. ज्याने नको म्हटलं त्याला जबरदस्तीने आत घेतात का? संडे स्कूलमध्ये आयुष्यभर मुलांना उत्तरं दिली. याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि विचारायचं तर सांगावं लागेल. एकच ठिकाण आहे जिथे तो नक्की आहे. कबरस्तानात, भिंतीकडच्या ओळीत. म्हणून मला ती जागा हवी. कळलं?

मिळालं तुला खरं? हो आता खूश.

– वन्सं


१९ मे

प्रिय वन्सं,

सलाम.

तुम्ही म्हणालात, हो खूश. मी झाले. पत्र वाचून आधी मला आनंद झाला, मग तुमचं दुःख दिसलं. हा क्रम मी बदलून लिहू शकले असते, पण तुम्हाला खरंच लिहायचं ठरवलं आहे.

आणखी एक मोह झाला, तोही सांगते. शेवटच्या सकाळी तुम्ही खाली काहीतरी खायला गेला होता आणि आत मी एकटी होते. तुम्हाला लिहावं की तेव्हा ह्यांनी हात जोडले, प्रार्थना केली, असं फार वाटलं. तुमची सकाळ परत बरी झाली असती. कदाचित तुम्ही जागाही सोडली असती, हेही मनात आलं, लपवत नाही. पण तसं झालं नाही. ह्यांनी चष्मा मागितला. मी पुसून घातला. माझ्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. त्या वेळी त्यांच्या मनात कोण होतं, देव, तुम्ही की मी, ते मला माहीत नाही.

जे माहीत आहे ते सांगते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण मला ते आवडत नसे.

हे रोज झोपताना पलंगाच्या कडेला बसून हलक्या आवाजात प्रार्थना करायचे. लग्न झालं त्या दिवसापासून. त्यात पहिलं नाव तुमचं यायचं. ‘माझ्या बहिणीला सांभाळ,’ आणि तुम्ही त्या गावी गेल्यावर, ‘ती तिथे एकटी आहे.’ मग मंडळीतले आजारी. मग ज्या इमारतींमधल्या लिफ्ट धड नाहीत तिथली माणसं. आणि मग मी, कधी कधी. नवी नवरी असताना मी भिंतीकडे तोंड करून रडायची. पुढे एकदा न राहवून विचारलं, “मी लिफ्टच्याही नंतर?” तर म्हणाले, “तुला देवाने कशाला बघायला हवं? मी बघतोय की.” मी आठवडाभर बोलले नाही. मला वाटायचं, उत्तर चांगलं आहे पण नंबर शेवटचाच.

मी विश्वास सोडल्याचं सांगितलं त्या रात्रीही त्यांनी प्रार्थना केली. पहिलं नाव तुमचंच. आजारी पडल्यावर कडेला बसवेना, तेव्हा पडून करायचे. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशीही मी ऐकली. देवाकडे बोलायचं त्यांनी थांबवलं नव्हतं, वन्सं. दवाखान्यात काय झालं ते तुम्हाला माहीत. त्याच्या आधीचं मला माहीत आहे. त्यातून काय धरायचं ते तुम्ही ठरवा. तुमच्या देवाबद्दल मी बोलत नाही, मला तो अधिकार राहिलेला नाही. पण माणूस जन्मभर जे नाव आधी घेतो, ते एका आठवड्यात पुसलं जात नाही, एवढं मला वाटतं.

जागा तुमची. मी शब्द दिला होता. पुढच्या महिन्यात दगड लावायला माणसं येतील. ‘पुन्हा भेटू’ कोरायचं असेल तर त्याआधी कळवा. दगड घडवणाऱ्याला सांगून ठेवलं आहे.

तुम्ही गावात आलात तर घरी या. खुर्ची कुठेही ठेवा.

तुमची
वहिनी


२७ मे

प्रिय वहिनी,

प्रभूच्या नावाने सलाम. तू उत्तरात काय हवं ते लिही.

‘पुन्हा भेटू’ नको. ते मी त्याला प्रार्थनेत सांगेन, दगडाला सांगायची गरज नाही. नाव आणि तारखा पुरे.

मी लिफ्टच्या आधी होते! दिवसभर हेच घोळतंय. शेजारणीला सांगितलं तर तिला काही कळलं नाही, नुसती ‘बरं बरं’ म्हणाली. तू हे इतकी वर्षं माझ्यापासून दाबून ठेवलंस. एका पोस्टकार्डावर मावलं असतं गं. रागावणार होते, पण मी तुझ्या जागी असते तर मरेपर्यंत सांगितलं नसतं. तुला हे लिहिताना किती जड गेलं असेल, ते मलाच कळेल, दुसऱ्या कुणाला नाही.

काल मी तिथे येऊन गेले. घरी आले नाही, कारण पंचांची सभा लांबली आणि शेवटची बस गाठायची होती. पुढच्या वेळी राहायलाच येईन. सभेत उभी राहिले. म्हटलं, माझी वहिनी मंडळीत नाही, यायचीही नाही, आणि तिला माझ्या भावाच्या शेजारी पुरायचं आहे, तशी मी घरातली सभासद म्हणून मागणी करते. पंचांपैकी दोघे बराच वेळ काहीतरी बोलत होते. मी कानातलं यंत्र पिशवीत ठेवलं होतं, त्यामुळे वाद फार झाला नाही. शेवटी पाळकसाहेबांनी मान हलवली तेव्हा मी बसले.

पण फार हुरळून जाऊ नकोस. मी माझा हक्क सोडलेला नाही. त्यांना सांगून आले की आम्हा दोघींचीही नावं ठेवा. जी आधी जाईल तिची जागा. मागे राहील तिने भांडायचं नाही आणि दगडावर दुसरीचं नाव नीट कोरून घ्यायचं. पाळकसाहेब म्हणाले, “बाई, असं कधी झालेलं नाही.” मी म्हटलं, “मग आता होऊ दे.”

मी तुझ्यापेक्षा मोठी आहे. गुडघे गेलेत, कान गेलेत, परवा डॉक्टर माझं रक्त बघून च्‌ च्‌ करत होता. सगळं माझ्या बाजूने आहे.

तेव्हा वेळेवर जेवत जा. दुकानातून येताना रस्ता नीट बघून ओलांडत जा. खोकला अंगावर काढू नकोस. तू आधी जायचं नाहीस, सांगून ठेवते. मला ती जागा हवी आहे.

तुझी
वन्सं